वाण

पार्बता उईकेनं पिशवी उपडी केली टेबलावर:
खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या,
झाकणांना दाभणानं पाडलेली भोकं,
आणि आत, तुरीच्या शेंड्यासकट,
उलटी लोंबलेली एकेक घाटेअळी.
काळी. पाण्यानं भरल्यासारखी.
हात लागला तर फुटेल.

"हे आमच्या बांधावरची. हे टेकडीच्या हरभऱ्यातली.
अन् हे अडाण नदीच्या पल्याडची, थे लय चिवट होती बाप्पा,
आठ दिवस जीव सोडला नाही."

मी लिहून घेतलं: गाव, पीक, तारीख, चिवट.

जिनिंगमागच्या आमच्या टिनाच्या शेडात
सतरा वर्षं एकच वाण चालत आला होता.
अळीला अळी खाते, म्हणून प्रत्येकीला वेगळी कुपी,
भिजवलेला चणा, चण्यावर विषाणूचा एक थेंब,
सातव्या दिवशी वेचायच्या, वाटायच्या, मलमलीतून गाळायच्या.
तो वास केसांत बसतो. लग्नाला गेले
तर बाया सरकून बसतात.
सतरा वर्षं तोच चणा, तीच कुपी, तोच घरघरता पंखा.
विषाणूला आमची सवय झाली
आणि शेताचा विसर पडला.
त्या पौषात, फवारणीच्या नवव्या दिवशीही,
अळ्या घाट्यांत डोकं खुपसून निवांत.
लोक काही बोलले नाहीत. नुसते
रिकामे डबे आणून ठेवले दाराशी.

मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पार्बतानं बायांना सांगितलं,
औंदा वाण म्हणून डबी नको, फणी नको,
आपापल्या वावरातली मेलेली अळी आणा.
आधी हसल्या.
मग चौदा बाटल्या झाल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या सारख्याच:
खडीसाखरेचा चुरा सांडावा तशा.
एकेका खड्यात कितीतरी झोपलेले,
वैशाखातही मातीच्या भेगेत पडून राहणारे,
कुणीतरी खाईल कधीतरी, एवढ्याच भरवशावर.

अकोल्याहून कागद आला तेव्हा कळलं. चौदा बाटल्या, अकरा तऱ्हा.
एकाच अळीच्या पोटात तीन तीन नांदत होते:
एक जहाल, एक संथ,
आणि एक तुटका, अंगातला तुकडाच गहाळ,
एकटा सोडला तर तगायचा नाही,
शेजाऱ्याकडून उसनं घेऊन निभावणारा.
तिथल्या मॅडमनी त्याला वेगळा काढून पाहिला.
उरलेल्या दोघांची धार बसली.
परत मिसळला, तर पाचव्याच दिवशी कुप्या काळ्या.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,
वाण नाही पण गुण लागला, म्हणतात.
इथं वाणही लागतो.
एका पोटात दोघे उतरले की
धागे तुटतात, भलतीकडे जुळतात,
आणि तिसराच कुणी बाहेर पडतो
ज्याचं नाव माझ्या वहीत नाही.

वर्ष उलटलं. पुन्हा पौष.
पहिल्या फवारणीला दहा दिवस झाले,
तुरीचे शेंडे अळ्यांनी तोरण बांधल्यासारखे.
वर चढायला लावतो तो त्यांना,
फुटली की खालच्या पानांवर ओघळायला सोपं.
आज दुसरी फवारणी. पंपात चौदा गावांचं पाणी,
गूळ, साबणाचा चुरा, आणि नीळ,
कारण उघड्या उन्हात तो टिकत नाही.
दिवस कलायची वाट पाहतेय. नखं निळी.

पार्बता आली. या वेळी एकच बाटली.
आत हिरवी, जाडजूड, चालती अळी.

"ही कशाला? ही तर जिवंत आहे."
"थेच तं दाखवाचं होतं.
आजूबाजूच्या साऱ्या लोंबल्या. इनं तेच पान खाल्लं,
अन् पाय, कशी हाय."

मी बाटलीत एक चणा सोडला, खिडकीत ठेवली.
गाव, पीक, तारीख.
चौथ्या रकान्याशी पेन थांबलं.
तेवढ्यात चण्याला भोक पडायला लागलं होतं.